खंडेनवमीलाही न निजणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू होत नाही, ही तक्रार मला आवडते. सुरू न होणाऱ्या मशीनचं दुखणं बहुधा सापडतं. वायर सैल असते, पॉवर सप्लाय गेलेला असतो, नाहीतर रॅमवर धूळ बसलेली असते. पण कॉम्प्युटर बंद होत नाही, असं कोणी फोनवर म्हणालं की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. असं मशीन दिवसभर शहाण्यासारखं काम करतं, प्रिंट काढतं, आणि संध्याकाळी घरी जायच्या वेळी हट्टाला पेटतं. वर गिऱ्हाईक म्हणतं, "तुमी हात लावायच्या आधी चांगलं होतं." आणि दुर्दैवाने बऱ्याचदा ते खरं असतं.

माझं अकोल्याला जठारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडिलांची दोन एकर जमीन. त्यात झेंडू, शेवंती आणि कडेकडेने वांगी. त्या फुलांच्या पैशावर मी बी.एस्सी. झालो, हे मी कधी विसरलो नाही. पण पदवीबरोबर माझ्या अंगात एक खोडही शिरली. समोरच्या माणसाला यातलं काही कळत नाही, असं आधीच धरून चालायचं. या खोडीला खतपाणी घातलं ते अचलपूरच्या एका निवृत्त गुरुजींनी.

गुरुजींचा फोन आला, "कॉम्प्युटर मेला." मी अकोल्याहून एस.टी.ने अचलपूरला गेलो. पोचेपर्यंत दुपार झाली. जाऊन पाहतो तर काय, धूळ पुसताना नातीचा हात लागून मॉनिटरचं बटण बंद झालेलं. मी बोट लावलं, पडदा उजळला. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "येवढंच होतं त फोनवर कावून नाई सांगितलं? उगाच उन्हाचा आला."

परतीच्या एस.टी.त बसून मी ठरवलं, यापुढे पहिला प्रश्न फोनवरच विचारायचा: मॉनिटर बंद केला की कॉम्प्युटर? या एका प्रश्नाने माझ्या कितीतरी फेऱ्या वाचल्या. मला त्याचा अभिमानही वाटायचा. त्याच प्रश्नाने मी एका बाईची नोकरी घालवणार होतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

बडनेऱ्याला स्टेशनजवळ वासुदेवकाकांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, बायोडाटा, झेरॉक्स असं सगळं. काका पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. सत्तरी उलटली आहे, कानांनी कमी ऐकू येतं, पण ते मान्य नाही. टायपिंगला वंदनाताई. त्या मूर्तिजापूरहून रोज गाडीने येतात. अकरा वर्षं त्यांनी त्या दुकानाचं प्रत्येक अक्षर टाइप केलं. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं, हे काकांना माहीत होतं आणि मलाही.

गणपतीच्या सुमारास काकांच्या मशीनची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम मी बदलून दिली. जुनीवर सरकारी साइट उघडत नव्हत्या, प्रिंटर रुसत होता. नवी चढवली, सगळं चालवून पाहिलं, वंदनाताईंना नवीन मेनू समजावून सांगितला आणि गाडी पकडून अकोल्याला आलो.

आठवड्याभरात काकांचा फोन आला. "गजानन, वंदना मशीन बंद न करताच जाते बे. शेजारचा घड्याळवाला म्हणते, तुमच्या दुकानात रातभर चिमणी वरडते."

ही चिमणी म्हणजे यूपीएस. बाहेरची वीज गेली की मशीनला काही वेळ बॅटरीवर जिवंत ठेवणारा डबा. वीज गेली हे कळावं म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने टीक टीक करतो. आता काकांची एक सवय सांगायला हवी. छापखान्याच्या दिवसांपासून दुकान बंद करताना ते मीटरजवळचा मेन खाली ओढतात. शॉर्टसर्किटची भीती. कितीही सांगा, मेन ओढल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. वंदनाताई पाच-चाळीसच्या गाडीसाठी निघायच्या, काका आठला मेन ओढायचे. मशीन बंद असेल तर यूपीएसला ओरडायचं काही कारण नाही; आम्ही त्याचं तसं सेटिंगच करून ठेवलं होतं. मशीन चालू असेल तर मात्र तो बॅटरी संपेपर्यंत ओरडणार. काकांनी एका रात्री पुन्हा शटर उघडून पाहिलं होतं. पडदा काळा, पण टेबलाखालच्या पेटीचं दार उघडलं तर मशीनच्या कॅबिनेटचा दिवा लागलेला.

मी फोनवर लगेच म्हणालो, "काका, ताई नुसता मॉनिटर बंद करत असतील."

"मी बी तेच म्हणतो. गाडीची घाई असते तिले."

मागून वंदनाताईंचा आवाज ऐकू आला, "मी रोज शटडाऊन करतो, काका. देवाशपथ."

"देवाले कायले मधात आणतं? दिवा मी माह्या डोळ्यानं पाह्यला."

मग एक दिवस मी स्वतः गेलो. वंदनाताई त्या दिवशी रजेवर होत्या. मी शटडाऊन केलं. "बंद होत आहे" असं आलं, पडदा काळा झाला, मी पिशवी उचलली. काकांकडे सर्व्हिसचं पावतीपुस्तक असतं. प्रत्येक फेरीला काय केलं ते मेकॅनिकने लिहायचं, सही करायची, पावती फाइलला लावायची. मी लिहिलं: "मशीन ठीक आहे. बंद करण्याची पद्धत चुकीची. ऑपरेटरला समज द्यावी." सुशिक्षित, नेटकं मराठी. ती फाइल वंदनाताईच लावतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

इकडे रोज रात्री तळापर्यंत उतरून उतरून यूपीएसची बॅटरी मेली. मेलेल्या बॅटरीचा त्रास दिवसा होतो. सर्वपित्रीच्या आसपास भर दुपारी वीज गेली, यूपीएसने एक सेकंदही तग धरला नाही, आणि एका शाळेच्या स्मरणिकेची तीन दिवस टाइप केलेली फाइल सेव्ह होता होता फुटली. ती मी बरीच खटपट करूनही उघडली नाही. वंदनाताईंनी ती पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. शाळेचे मुख्याध्यापक दुकानात येऊन काकांना नाही नाही ते बोलून गेले. त्या संध्याकाळी काकांनी मला फोनवर सांगितलं, "दसऱ्यानंतर दुसरी पोरगी पाहून राह्यलो. अकरा वर्षं झाले, पण आता हिचं ध्यान नाई राह्यलं कामात."

मी फोन ठेवला. मनात म्हटलं, आपण तरी काय करणार?

खंडेनवमीला मी दरवर्षी काकांकडे जातो. आमच्या शेतातला झेंडू न्यायचा, पूजेला बसायचं, असा शिरस्ता आहे. नवमीला हत्यारांची पूजा. काकांचा नियम असा की पूजेआधी प्रत्येक हत्यार पुसून निजवायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. खिळ्यांचं छपाईयंत्र होतं तेव्हाही त्या दिवशी त्याचं चाक फिरत नसे.

त्या सकाळी शेतात आमची तोडणी चालली होती. दसऱ्याचा बाजार म्हणजे आमच्या घरचं वर्षाचं पीक. आणि मी पोत्यात काकांसाठी फुलं भरत वडिलांजवळ कुरकुर करत होतो. सोबत यूपीएसची नवी बॅटरी न्यायची होती. ती विटेसारखी जड.

"त्या बाईला साधं मशीन बंद करता येत नाही, आणि मी सणाच्या दिवशी ओझं वाहतो," मी म्हणालो.

वडिलांनी हातातलं फूल टोपलीत टाकलं. "तू पाह्यलं काय तिले चुकीचं बंद करताना?"

"पाहायचं काय त्यात?"

"मोटार पाणी नाई फेकत त मी मजुराले शिव्या नाई देत. आंधी विहिरीत वाकून पाह्यतो." इतकं बोलून ते पुढच्या ओळीत गेले. मला राग आला. मोटार वेगळी आणि कॉम्प्युटर वेगळा, हे त्यांना कोण समजावणार!

बडनेऱ्याला पोचलो तेव्हा वंदनाताई एक शेवटची पत्रिका छापत होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. झेंडूचं पोतं घेतलं आणि हार करायला बसल्या. काकांनी पाटावर जुनी कंपोझिंगची पट्टी, कात्री, स्टेपलर आणि आपलं शाईचं पेन मांडून कुंकू लावलं. बारा वाजले तसं ते म्हणाले, "वंदना, मशीन निजव. गजाननसमोर निजव. एकदा त्याले पाहू दे."

वंदनाताईंनी शटडाऊनवर क्लिक केलं. आम्ही तिघेही पडद्याकडे पाहत होतो. "बंद होत आहे." पडदा काळा.

"हे असं रोज करतो मी," वंदनाताई म्हणाल्या. "आता सांगा भाऊ, पद्धत कोठी चुकली?"

पद्धत बरोबर होती. मी म्हणालो, "आज बरोबर केलं." आज हा शब्द मुद्दाम घातला होता. आता त्याची लाज वाटते.

काकांनी निरांजन लावलं आणि ज्योत विझू नये म्हणून छताचा पंखा बंद केला. झेरॉक्स मशीन आधीच बंद होतं. दुकान एकदम शांत झालं. कॅबिनेट उंदरांच्या भीतीने टेबलाखाली एका लाकडी पेटीत ठेवलेलं असतं. हळदकुंकू लावायला काकांनी पेटीचं दार उघडलं आणि समोर उदबत्ती खोचली.

उदबत्तीचा धूर वर जायला हवा. तो वर गेला नाही. आडवा वळला आणि सरळ कॅबिनेटच्या जाळीत शिरला.

आम्ही पाहतच राहिलो. धुराची रेघ ओढल्यासारखी आत जात होती. मी गुडघ्यावर बसून वाकलो तेव्हा कुठे तो आवाज ऐकू आला. पंखा फिरत होता. दिवा लागलेला होता. पडदा काळा, आणि मशीन टक्क जागं!

"हे काय बे?" काका म्हणाले. "झोपलं नाई हे?"

"नाही."

"मंग तिनं बंद केलं ते?"

"तिने बंद केलं. ते बंद झालं नाही."

हे वाक्य बोलतानाच मला माझी मागची फेरी आठवली. मीही काळा पडदा पाहिला होता. वर पंखा घरघरत होता, पेटीचं दार लावलेलं होतं आणि मला गाडी पकडायची होती. ज्या चुकीचा आळ मी त्यांच्यावर घेतला, ती मी स्वतः केली होती, आणि वर सही केली होती.

यातलं तांत्रिक थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर बंद होताना ऑपरेटिंग सिस्टीम आधी सगळं आवरून ठेवते आणि शेवटी मदरबोर्डला निरोप देते की आता वीज तोड. हा निरोप पोचवायचं काम ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या प्रोग्रामचं. घरातले सगळे दिवे मालवून निजले, पण विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला कोणी गेलंच नाही, तर मोटार फिरत राहते. तसं झालं होतं. मी चढवलेल्या नव्या सिस्टीमने जुना ड्रायव्हर काढून आपला नवा बसवला होता. काकांचा मदरबोर्ड जुना, त्याला नव्याची भाषा कळेना. रीस्टार्ट मात्र व्यवस्थित होत असे, म्हणून अपग्रेडच्या दिवशी मला काही संशय आला नाही. त्या दिवशी मी चार वेळा रीस्टार्ट केलं होतं. पूर्ण बंद करून पेटीत डोकावलो एकदाही नव्हतो.

दुरुस्ती दसऱ्याच्या दिवशी झाली. झटपट सुरू होण्याची सोय बंद करून पाहिली, पंखा फिरतोच. नेटवर्क कार्डाला मशीन जागं करायची परवानगी असते, ती काढली, पंखा फिरतोच. जोडलेलं सगळं एकेक करून उपटलं, पंखा फिरतोच. मी मशीनला, सिस्टीमला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. शेवटी मदरबोर्डाच्या जुन्या सीडीतला ड्रायव्हर परत बसवला, नव्या ड्रायव्हरला पुन्हा आपोआप यायची वाट बंद केली, शटडाऊन केलं. पंखा हळू झाला, थांबला, दिवा गेला. सगळं मिळून दोन तासांचं काम. पण दसऱ्याच्या दिवशी मी तिकडे, आणि बाजारात वडील एकटे फुलं विकत होते.

हे दुसऱ्या दिवशीचं झालं. नवमीचं राहिलं आहे.

"काका, मी आत्ताच पाहतो," मी म्हणालो. "दोन तास लागतील."

"आज नाई. आज हत्याराले हात नाई."

"अहो, पण ते निजलंच नाही अजून! निजवायला तर हात लावावाच लागेल."

काका विचारात पडले. "मंग निजव फक्त. बाकीचं उद्या."

मी कॅबिनेटचं बटण दाबून धरलं. चार-पाच सेकंदांनी पंखा थांबला. धूर सरळ वर गेला. काकांनी घाईघाईने हात जोडले, जणू ते पुन्हा उठेल.

आरती झाली, प्रसाद झाला. वंदनाताई उठल्या, कपाटातली फाइल काढली आणि माझी पावती असलेलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ऑपरेटरला समज द्यावी.

"भाऊ, हे मीच फाइलले लावलं. लावताना दोन वेळा वाचलं. आता याच्यापुढं जे आज पाह्यलं ते लिहून द्या."

"देतो की. उद्या दुरुस्ती झाली की तिची पावती करू, त्यात..."

"उद्या नाई. आज."

मी खिसे चाचपले. पेन शेतातच राहिलं होतं. दुकानातली पेनं काकांनी गोळा करून पाटामागे ठेवली होती. काका म्हणाले, "वंदना, आज पेन पूजेले बसलं हाये. नवमीले हत्यार..."

"काका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मशीनले आराम. कात्रीले आराम. पेनले आराम. माह्या नावाले आराम कधी देता?"

काकांना कमी ऐकू येतं. हे मात्र त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. ते पाटाकडे वळले. मग वाकून स्वतःचं शाईचं पेन उचललं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पन्नास वर्षांत त्यांनी नवमीला हत्यार उचललेलं कोणी पाहिलं नसेल. माझ्या बोटांना कुंकू लागलं.

मी पावतीपुस्तकात लिहिलं: "नवीन सिस्टीम चढवल्यापासून मशीन पूर्ण बंद होत नव्हतं. मागच्या फेरीत मी ते नीट तपासलं नाही. बॅटरी आणि फाइलचं नुकसान त्यामुळे झालं. ऑपरेटरची चूक नाही." सही केली.

वंदनाताईंनी वाचलं. "समज द्यायची राह्यली."

मला आधी कळलं नाही. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: "मेकॅनिकला समज द्यावी."

"देतो," काका म्हणाले. "चांगली देतो." आणि पहिल्यांदा तिघेही हसलो. काका सगळ्यात उशिरा, कारण घड्याळवाल्याला त्यांनी काय काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असावं. ते तसेच उठले, शेजारी गेले, आणि भिंतीपलीकडून त्यांचा कमी ऐकणाऱ्याचा मोठा आवाज आला, "चिमणी मशीनची होती गा. वंदनाची नाई."

मी जुनी पावती फाडायला हात पुढे केला. वंदनाताईंनी फाइल ओढून घेतली. "राहू द्या. दोन्ही राहू द्या." कुंकवाचा डाग पडलेली नवी पावती त्यांनी जुनीच्या वर लावली.

काका परत आले ते दुसऱ्या पोरीबद्दल काही बोलले नाहीत. आपल्या जागेवर बसून एवढंच म्हणाले, "वंदना, परवा पत्रिकेचं मोठं काम येऊन राह्यलं. साडेनऊले ये." माफी मागायची त्यांची ही पद्धत. वंदनाताईंनी मान हलवली. स्मरणिकेच्या तीन दिवसांचं आणि त्या महिन्याभराच्या टोमण्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. ते राहून गेलं.

काका अजूनही मेन ओढतात. मी सांगणं सोडलं आहे.

त्या दुपारी वंदनाताईंनी पिशवी घेतली, चप्पल घातली आणि काळ्या पडद्याकडे न पाहता सरळ स्टेशनच्या दिशेने निघाल्या. त्यांच्यामागून मी निघालो. दारातून परत फिरलो, टेबलाखाली वाकलो, पेटीचं दार उघडलं आणि आत पाहिलं.